नाकाच्या उंचीवर

"झोपल्यावर मुलीचं नाक कुठे असतं?" तपासनिसाने विचारलं.

मातीवाली पलंगाच्या रिकाम्या चौकटीपाशी उकिडवी बसली. गादी अजून आली नव्हती. तिने मनातल्या मनात गादी घातली, तिच्यावर उशी ठेवली आणि हवेत हात आडवा धरला.

"इथे. पण ती कुशीवर झोपते. म्हणजे आणखी जरा खाली."

"तोंड कुठल्या बाजूला?"

"खिडकीकडे. भिंतीला पाठ लावल्याशिवाय झोप येत नाही तिला."

तपासनिसाने तिपाईचा स्क्रू सैल केला, यंत्र तिच्या तळहाताच्या रेषेत आणलं आणि खिडकीकडे वळवलं. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, पुढे जाळी लावलेलं भोक. सगळं नीट पार पडलं तर शाळा उघडायच्या आत बरोबर त्या जागी भिंगरीचं नाक येणार होतं. मातीवालीचा हात तिथेच राहिला. शेवटी तपासनिसाला म्हणावं लागलं, "ताई, हात काढा. नाहीतर यंत्र तुमचा हातच मोजत बसेल."

भिंगरी हे मुलीचं लाडाचं नाव. चालायला लागली तेव्हा ती स्वतःभोवती गोल गोल फिरायची, म्हणून आजीने ठेवलेलं. पुढे तिला दम लागायला लागला आणि फिरणं बंद झालं, नाव तेवढं राहिलं. भाड्याचं घर मालट्रकच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर. रात्र रात्र पोरीची छाती शिट्टी वाजवायची. फुफ्फुसांच्या डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली आणि मग औषधांऐवजी घरच बदला म्हणून सांगितलं. तेव्हापासून भिंगरी डोंगरावर मामाकडे होती. तिकडे ती झाडावर चढते, हे मामा फोनवर कौतुकाने सांगायचा. इकडे आई "हो का" म्हणून स्वयंपाकघरात जायची आणि काही काम नसताना नळ सोडायची.

मातीवाली हेही लोकांनीच ठेवलेलं नाव. माती, चुना आणि लाकूड यांची घरं ती बांधून द्यायची. दुसऱ्यांची बांधता बांधता शेवटी तिने स्वतःचं बांधायला घेतलं. वस्तीच्या कडेला, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या भिंती, वरून चुन्याचा गिलावा, खाली चुन्याचा कोबा आणि त्यावर जवसाच्या तेलाचे हात. रंग नाही, प्लायवूड नाही, चिकटवलेलं काही नाही. कपाटाच्या फळ्यासुद्धा खाचेत खाच घालून बसवलेल्या. नवरा वायरमन. त्याने छताखाली एक छोटा पंखा बसवला होता. तो घरातली शिळी हवा बाहेर टाकायचा आणि बाहेरची गाळून आत घ्यायचा. घर बघायला येणाऱ्याला नवरा आधी पंखा दाखवायचा, मग घर.

पण डॉक्टर पडले हट्टी. "नवं घर म्हणजे चांगलं घर, असं मी धरत नाही," ते म्हणाले होते. "नव्या घरांनी आजारी पडलेली माणसं रोज माझ्यासमोर बसतात. हवा मोजून आणा. मर्यादेच्या आत असली तर मुलीला आणा. नसली तर आहे तिथेच राहू द्या." मामाचीही एक अट होती आणि ती रास्त होती. शाळा उघडायच्या आधी काय ते ठरवा, वर्षाच्या मध्ये पोरीला उपटून नेऊ नका. म्हणजे आता नाही तर आणखी एक वर्ष. मातीवालीने भिंती बांधल्या होत्या त्या या एका आकड्यासाठी.

यंत्र आकडे दाखवायला लागलं. तपासनीस एकेक वाचत गेला. बारीक धूळ, छान. ओल, ठीक. शिळी हवा, उत्तम. प्रत्येक वेळी नवऱ्याची नजर पंख्याकडे जात होती. मग तपासनीस थांबला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"हवेत उडणारी रसायनं," तो म्हणाला. "मर्यादेच्या दुप्पट."

"रसायनं?" मातीवाली उभी राहिली. "या घरात रसायन औषधालाही सापडणार नाही."

"रंगातून येतात. पॉलिशमधून..."

"रंग नाही. पॉलिश नाही."

तपासनिसाने वाद घातला नाही. त्याने तिपाई जवळजवळ जमिनीला टेकवली आणि थांबला. आकडा आणखी वर गेला.

"खालून येतंय," तो म्हणाला. "तुम्हाला कसला वास येतोय का बघा. मला विचारू नका, एका तापात माझं नाक गेलं ते गेलंच. बायको म्हणते, तुम्हाला या कामावर घेणाऱ्याचं डोकं तपासायला हवं."

दोघांनी मोठा श्वास घेतला. नवऱ्याने तर चारही कोपऱ्यांत जाऊन घेतला.

"काही नाही," तो म्हणाला. "आपल्या घरासारखंच वाटतंय."

मातीवाली फरशीकडे बघत होती. चुन्याचा कोबा सकाळच्या उजेडात असा चमकत होता, की दुसरी वेळ असती तर तिने कुणालातरी बोलावून दाखवला असता.

"तेल," ती म्हणाली. "तेलाचे हात मीच मारले. थंडी होती, नीट सुकलं नसेल. कच्चं राहिलेलं तेल हवा खराब करतं, हे मी दुसऱ्यांना शिकवते."

"असू शकतं. चार-पाच दिवसांनी परत येतो," तपासनीस यंत्र डब्यात ठेवत म्हणाला. "तोवर कारण शोधा. नाहीच सापडलं, तर मला हाच आकडा लिहून द्यावा लागेल. वाईट वाटतं ताई, घर फार देखणं आहे."

तो गेल्यावर मातीवालीने खटकन पंख्याचं बटण बंद केलं. नवऱ्याला ते लागलं. खिडक्या बंदच राहिल्या. दाराला कुलूप घालताना तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

घरी सासूबाई भांडी घासत होत्या. सासूबाई म्हणजे मोठ्या मावशी. हॉस्पिटलात सफाई करणाऱ्या मावश्या असतात, त्या सगळ्यांच्या वरच्या. त्यांच्या ओल्या फरशीवरून मोठे डॉक्टरही न विचारता जात नसत, असं त्या सांगायच्या आणि त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही ते खोटं वाटत नसे. निवृत्त झाल्यावर वॉर्ड सुटला, बादली सुटली नाही. सकाळ-संध्याकाळ घरातली फरशी त्या स्वतः पुसायच्या, तीही गुडघ्यांवर बसून. उभ्याने पुसणं म्हणजे फरशीला गुदगुल्या करणं, असं त्यांचं मत होतं. बसताना आणि उठताना त्यांचे गुडघे असे कडाकड वाजायचे, की खालच्या मजल्यावरच्या बाईने ते ऐकून चहाचं आधण ठेवावं.

मातीचं घर बांधायचं ठरलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "जन्मभर माती पुसली. आता मातीतच राहायला सांगता?" आणि वर, "मी त्या घरात पाय ठेवणार नाही." शब्दाला जागायच्या बाई. बांधकाम बघायला यायच्या, पण फाटकापर्यंत. तिथून मान लांब करून बघायच्या, "भिंत अजून ओली दिसते" असं काहीतरी बोलायच्या आणि परत फिरायच्या.

"झालं का पास तुझं घर?" त्यांनी आता विचारलं. पाठ तशीच दाराकडे होती.

"नाही, आई."

घासणारा हात थांबला. "का?"

"फरशीत दोष आहे."

"फरशीत?" सासूबाई वळल्या. "फरशी तर आरशासारखी होती."

"आरसा असून काय करायचं? आतलं तेल कच्चं आहे."

मातीवाली आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. थकलेल्या माणसाला शब्द ऐकू येतात, पण त्यातलं काही पोहोचत नाही, तसं झालं होतं तिचं. बाहेर बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग गुडघ्यांचा. सकाळची फरशी एकदा पुसून झाली होती. पण वाईट वाटलं की कुणी रडतं, कुणी भांडतं, सासूबाई फरशी पुसायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मातीवाली टिकाव घेऊन निघाली.

"अगं, चार दिवस घर उघडं ठेवून तर बघू," नवरा म्हणाला.

"आणि नाही उतरला आकडा, मग? निदान तिच्या खोलीतली तरी उखडते."

"तुझं नेहमीचंच, एक घाव दोन तुकडे. पण हे आपलं घर आहे गं."

ती वेगाने चालायला लागली. त्यात आजच मामा भिंगरीला घेऊन येणार होता. घर पास होणारच, असं धरून तिकिटं आधी काढली होती. आकडा कळल्यावर तिने मामाला फोन केला, तर तो म्हणाला, "आता निघालोच आहोत ताई. माझ्या मित्राकडे उतरतो. पोरीला घर बाहेरून तरी दाखवतो."

कुलूप काढून ती आत गेली. मुलीच्या खोलीच्या मधोमध उभी राहून तिने टिकाव खांद्यापर्यंत नेला आणि खाली घेतला. हा कोबा तिने दिवसचे दिवस थापीने ठोकला होता. हाताच्या बाहेरच्या कडेने घासून घासून त्याला चमक आणली होती. पुन्हा टिकाव उचलला, तेवढ्यात फाटक वाजलं.

"आई!"

टिकाव भिंतीला टेकवून ती पळाली. अंगणात भिंगरी उभी होती, मागे मामा. उंच झालेली, उन्हाने रापलेली, पुढचा एक दात पडलेली. मातीवालीने तिला उचलायला हात घातला आणि ती उचलली जाईना इतकी ती वाढली होती. तेव्हा मग आईच खाली बसली आणि तिने तिला घट्ट धरलं. नळ सोडायला जवळ स्वयंपाकघर नव्हतं, म्हणून सगळं अंगणातच झालं.

"रडू नको ना," भिंगरी म्हणाली. "मी आत नाही येणार. मामाने सांगितलंय. नुसतं बघते."

ती दाराशी गेली आणि उंबऱ्याला पायाची बोटं टेकवून उभी राहिली. मान आत घातली. छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. मग नाक वर करून हवा ओढली आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"आजी!" तिने आत हाक मारली. "आजी, लपू नको, ये बाहेर!"

"आजी घरी आहे गं," मातीवाली डोळे पुसत म्हणाली. "बाबाबरोबर येईल आता. ती या घरात येत नाही."

"खोटं! आत आहे ती. वास येतोय तिचा."

मातीवालीने मामाकडे पाहिलं.

"मलाही येतोय की," मामा म्हणाला. "फिनेलचा. मला वाटलं, तुमच्यात तपासणीआधी हॉस्पिटलसारखं धुऊन घेतात."

मातीवाली आत गेली. खोलीत मधोमध गुडघे टेकून तिने फरशीला नाक लावलं. काही नाही. चुना, थोडं जवस. ती पुन्हा पुन्हा श्वास घेत राहिली. तो वास लग्नाच्या पहिल्या दिवसापासून तिच्या उशीत होता, कपड्यांत होता, केसांत होता. तो वास जाणवायचाच केव्हा बंद झाला होता, हे तिला आता कळत होतं. ती उठून न्हाणीघरात गेली. तिथे बादली उपडी घातलेली होती आणि तिच्यावर फडकं वाळत होतं, तीन घड्या, टोकं आत दुमडलेली. फडकं असं वाळत घालणारं माणूस तिला एकच ठाऊक होतं.

तिला हसू फुटलं. फरशी चांगली होती. तेल सुकलेलं होतं. तिच्या हातांनी तिला दगा दिला नव्हता. जीव असा भांड्यात पडला की ती तशीच भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांसमोर आलं, मातीच्या घरात पाय न ठेवणारी बाई भल्या पहाटे दुसरी किल्ली घेऊन आलीये आणि फरशीवर गुडघे वाजवतेय. तपासणीआधी पुसू नका, धुऊ नका, अत्तर लावून येऊ नका, हे मातीवालीने नवऱ्याला सांगितलं होतं, सुताराला सांगितलं होतं, शेजाऱ्यांनाही सांगितलं होतं. सासूबाईंना सांगायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. जी बाई घरातच येत नाही, तिला काय सांगायचं?

बाहेर भिंगरी खोकली.

एकदा, मग परत. मग त्या खोकल्यामागून ती बारीक शिट्टी आली. मातीवालीचं हसू जागच्या जागी थांबलं.

"तिकडे कितीतरी दिवसांत नव्हतं झालं हे," मामा म्हणत होता. "प्रवासाने असेल."

तिने येऊन भिंगरीला उंबऱ्यापासून दूर, झाडाखाली नेलं. जरा वेळाने शिट्टी विरली. आणि तेवढ्यात नवरा आणि सासूबाई फाटकाशी आले.

"आजी!" भिंगरी हातातून सुटली आणि धावत जाऊन आजीच्या पोटात शिरली. सासूबाईंनी तिला दोन्ही हातांनी कवटाळलं, डोक्याचे मुके घेतले, किती वाढलीस, किती काळी झालीस, दात कुठे टाकलास, असं सगळं एका दमात विचारलं.

"आजी, तू आत नव्हतीस?" पोटातून आवाज आला. "मग तुझा वास आत कसा?"

नवरा आईकडे बघायला लागला. "आई? तू आत गेली होतीस?"

सासूबाईंनी आधी फाटकाकडे पाहिलं, मग झाडाकडे.

"मग काय करू?" त्या म्हणाल्या. "एवढा मोठा साहेब घर बघायला येणार, आणि फरशीवर तुझ्या बायकोची चुन्याची पावलं. तो काय म्हणेल, या घरात पुसणारं कुणी नाही? मला झोप लागेना. गेले, पुसून आले. चांगलं दोनदा फिनेल मारलं."

नवरा खो खो हसत सुटला. मामालाही राहवेना. "म्हणजे मावशींनी नापास केलं घर!" तो म्हणाला.

मातीवाली हसली नाही, कारण सासूबाई हसत नव्हत्या. भिंगरी त्यांच्या पोटाशी खोकत होती आणि त्यांचा पाठीवरून फिरणारा हात थांबला होता. वॉर्डात उभं आयुष्य काढलेल्या बाईचा कान होता तो. शिट्टी सुरू झालेली त्याला सगळ्यांच्या आधी कळली.

त्यांनी भिंगरीला खांद्यांना धरून हळूच दूर केलं. हात लांब करून धरलं. मग हातही सोडले आणि चार पावलं मागे गेल्या. भिंगरीला वाटलं खेळ आहे, ती हसायला लागली. खोकला कमी होत गेला. सासूबाई तिच्या छातीकडे बघत उभ्या होत्या.

"तिकडच्या घरात," त्या हळूहळू म्हणाल्या, "मी दोन्ही वेळा पुसायची."

"ट्रकचा धूर होता, आई," मातीवाली म्हणाली. "खिडकीचा गज सुद्धा काळा व्हायचा. डॉक्टरांनीच सांगितलं ना."

"डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तसं मला नको सांगू. सांगणाऱ्याच्या मागे बादली घेऊन मीच उभी असायची."

मातीवालीला वाटलं, असंच धरून ठेवावं, धूर धूर म्हणत राहावं. पण समोरची बाई फसणारी नव्हती.

"धूर होताच," ती म्हणाली. "पण थोडं तेही असणार. मला कळलं नाही, आई. लोकांच्या घरांची हवा सुधारायला जाते मी, आणि मला वास आला नाही."

सासूबाईंनी मान हलवली. तिला नव्हे, स्वतःलाच काहीतरी सांगितल्यासारखी.

"तिला दम लागला की मी आणखी पुसायची," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कुठेतरी घाण राहिली असेल."

नवऱ्याचं हसू केव्हाच ओसरलं होतं. मातीवालीला फार वाटलं की जाऊन त्यांचा हात धरावा. आजवर तसा कधी धरला नव्हता, म्हणून ती जागेवरच राहिली. मग सासूबाईंनीच बाह्या वर सारल्या, फाटकातून आत आल्या, अंगण ओलांडलं आणि सगळ्यांच्या देखत उंबरा पार केला.

"खिडक्या उघडा सगळ्या," आतून आवाज आला, वॉर्डातला. "तो पंखा लाव. आणि साधं पाणी आण, गरम. नुसतं पाणी."

"आई, तू पाय ठेवणार नव्हतीस ना इथे?" नवऱ्याने पंखा लावता लावता विचारलं. त्याचा आवाज जरा ओला होता.

"पाय कुठे ठेवतेय? गुडघे टेकतेय."

मातीवाली शेजारी बसली. दोघींनी मिळून फरशी पुसली, पाणी बदललं, परत पुसली. सासूबाईंचा विश्वास बसत नव्हता. त्या वाकून वास घ्यायच्या आणि निराश व्हायच्या.

"वास नाही, तर स्वच्छ झालं हे कळणार कसं?"

मातीवालीने पांढरं फडकं ओलं करून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कोपऱ्यातून ओढलं, उजेडात धरलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"कळतंय," त्या नाइलाजाने म्हणाल्या.

तपासनीस ठरल्याप्रमाणे आला. तिपाई त्याच जागी उभी राहिली, यंत्र त्याच उंचीवर. या वेळी सासूबाईही आल्या होत्या, पण खोलीबाहेर, अंगणात उभ्या होत्या. आकडा वर आला, थोडा डळमळला आणि मर्यादेच्या बऱ्याच खाली जाऊन थांबला. तपासनिसाने तो मातीवालीला दाखवला. तिने तो वाचला, परत वाचला आणि पलंगाच्या चौकटीवर बसली.

"कारण सापडलं तर," तपासनीस म्हणाला. "कोण होतं?"

"मी," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "आता मला मोजा."

"तुम्हाला, मावशी?"

"कपडे धुतलेत. डोक्यावरून अंघोळ केलीये. फिनेल बंद केलंय, तिकडच्या घरातही. मोजा."

असं कधी कुणी मागितलं नव्हतं, पण तपासनीस भला माणूस होता. यंत्र घेऊन तो अंगणात गेला आणि सासूबाईंनी फोटोला उभं राहावं तसं ताठ उभं राहून श्वास रोखून धरला. आकडा वर सरकला. फार नाही, पण सरकला.

"कपड्यांत राहतं," तो सांभाळून म्हणाला. "केसांत, अंथरुणात. काही दिवस ऊन दाखवा. जाईल."

"जाईल ना?"

"नक्की."

सासूबाईंनी बरं म्हटलं आणि त्या फाटकाकडे निघाल्या. मातीवाली त्यांच्या मागे गेली.

"आई, भिंगरी आज रात्री इथे झोपणार. तुम्हीही..."

"मी मागून येते. महिनाअखेरपर्यंत ते घर आहेच आपल्याकडे." त्या थांबल्या. मग हसत म्हणाल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं, "सगळा वास गेला, तर पोर मला ओळखणार कशी गं? दम लागला की ती डोळे मिटून पडायची. मी नुसती जवळ आले तरी म्हणायची, आजी आली."

या वेळी मातीवालीने त्यांचा हात धरला.

पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत दोऱ्या लागल्या. सासूबाईंचे झाडून सगळे कपडे, चादरी, उशीचे अभ्रे, जुना स्वेटर, साध्या पाण्यातून निघून उन्हात गेले, परत पाण्यात गेले, परत उन्हात. खालच्या बाईने विचारलं, कुठे लग्नाला निघालात का? सासूबाई म्हणाल्या, मुलीला बघायला जायचंय. रोज संध्याकाळी त्या फोन करायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या. शिट्टी? नाही, मातीवाली सांगायची. आजही नाही.

त्या आल्या एका दुपारी, न सांगता. शाळा सुटून भिंगरी घरी आली होती आणि जेवून झोपली होती. मातीवाली अंगणात चुना चाळत होती. तिने मान वर केली, सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. चपला बाहेर काढून त्या उंबऱ्याशी थांबल्या, स्वतःच्या बाहीला नाक लावून पाहिलं आणि आत गेल्या.

खोलीत उजेड होता. भिंगरी कुशीवर झोपली होती, पाठ भिंतीला, तोंड खिडकीकडे. सासूबाई पलंगाशी खाली बसल्या, जमेल तेवढ्या सावकाश. मग त्यांनी हवेत हात आडवा धरला, मुलीच्या नाकासमोर. तळहातावर ऊब आली, गेली, परत आली. त्यांनी कान देऊन ऐकलं. नुसता श्वास होता.

"आजी," भिंगरी म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

सासूबाई दचकल्या. हात तसाच राहिला.

"डोळे तरी उघड," त्या कुजबुजल्या. "न बघता कशी ओळखलीस?"

"गुडघे वाजले तुझे."

एवढं बोलून तिने तो हात ओढून गालाखाली घेतला आणि परत झोपली. सासूबाई बराच वेळ तशाच बसून राहिल्या. संध्याकाळ व्हायला आली, मातीवालीने दारातून दोनदा चहाला खूण केली. पण त्या उठल्या नाहीत. उठल्या असत्या तर गुडघे पुन्हा वाजले असते.